फोटो वापस आणणारी काकू

मथुराकाकूंना कॅलेंडरवरच्या बायका पटत नसत. दिवाळीनंतर आमच्या घरी कापडदुकानाचं कॅलेंडर यायचं. त्यावर हातात निरांजन धरलेली एक गोरीपान बाई असायची. काकू कमरेवर हात ठेवून तिच्यापुढे उभ्या राहत, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "चेहरा बरा हाय. पण इचं घर कोणी पाहून आलं हाय काय?"

घर पाहून येणं हा काकूंचा ध्यास होता. अकोल्यात आमच्या घराला लागून त्यांचं घर. रामरावकाका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. काकू पातूरकडच्या शेतकरी घरातल्या, उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की त्या स्वतःच्या अंगणात बोलल्या तरी आमच्या स्वयंपाकघरातलं मांजर उठून जायचं. आमच्या आळीतच काय, स्टेशनापलीकडेसुद्धा कुणाच्या मुलीला स्थळ आलं की मुलीची आई आधी काकूंकडे यायची. स्थळ कितीही मोठं असो, काकूंचं उत्तर एकच असे. "पाहून येऊ ना."

या चौकशीची त्यांची पद्धत होती. कळवून कधी जायचं नाही. पुढच्या दाराने कधी शिरायचं नाही. मागच्या बाजूला जिथे भांडी घासतात, तिथे जाऊन आधी पाणी मागायचं. भांडी घासणारीशी दोन गोष्टी बोलायच्या, शेजारणीला "इथी कोणी खोली देते काय भाड्यानं?" असं विचारायचं, आणि मग पुढे येऊन ओसरीवर बसायचं. तोवर त्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, हे काकूंना समजलेलं असे. हे वेड कशातून आलं हे त्या लपवत नसत. "माह्या टायमाले कोणीच पाहून आलं नाई. लगन झाल्यावर समजलं, यायले उजव्या कानानं ऐकूच येत नाई. मले वाटे, मानूस रागीट हाय, बोलून नाई राह्यला." हे सांगताना रामरावकाका शेजारीच बसलेले असत, आणि काकू त्यांच्या डाव्या बाजूला असल्याने तेही हसत.

या पद्धतीने काही मुली वाचल्या हे खरं. पण काकू चुकतही सणसणीत. मूर्तिजापूरचं एक चांगलं स्थळ त्यांनी मोडायला लावलं, कारण त्या घरातली मांजर फार बारीक होती. "ज्या घरात मांजरीले दूध नाई, तिथी सुनेले काय भेटन?" तो मुलगा पुढे तहसीलदार झाला. मुलीच्या आईने हे काकूंच्या तोंडावर सांगितलं, तेव्हा काकू जराही वरमल्या नाहीत. म्हणाल्या, "हो, पण मांजर जाडी झाली काय?"

त्यांची दुसरी ख्याती फोटो परत आणण्याची. त्या काळी मुलीचा फोटो म्हणजे गंमत नव्हती. स्टुडिओत जाऊन, रंगवलेल्या तळ्यापुढे बसून, श्वास रोखून काढलेली एक प्रत. ती स्थळाकडे जायची. नकार आला तर फोटो परत यायला हवा. पण मुलाकडची माणसं नकार लगेच कळवत आणि फोटो मात्र कुठेतरी पडून राहायचा. मग तो कुणाच्या हाती लागेल, कोण काय बोलेल, या काळजीने मुलीच्या आईला घास गोड लागत नसे. अशा वेळी काकू जात.

पातूरच्या एका घरात त्या अशाच गेल्या होत्या. "फोटो सापडत नाही, सापडला की पाठवू," असं यजमान म्हणाले. काकू म्हणाल्या, "सापडू द्या. मले काई घाई नाई." आणि त्या ओसरीवर मांडी घालून बसल्या. तिथे तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली होती. ती पुढ्यात ओढून त्यांनी शेंगा सोलायला घेतल्या. येणारा-जाणारा विचारी, ही पाहुणी कोण? काकू मोकळेपणाने सांगत, "पाहुनी नाई बाप्पा, फोटो न्याले आलो." टोपली संपायच्या आत फोटो सापडला. यजमानीणबाईंनी सोललेल्या दाण्यांतले ओंजळभर काकूंच्या पदरातही घातले.

आता माझं. मी दिसायला कशी होते याबद्दल दोन मतं होती, एक माझं आणि एक सगळ्या स्थळांचं. नाक थोडं पुढे, दात त्याच्याही थोडे पुढे. वडील शाळामास्तर, त्यामुळे हुंड्याच्या बळावर नाक मागे सरकण्याची शक्यता नव्हती. माझा हातात कागदी गुलाब धरलेला फोटो काकूंच्या ट्रंकेत असे. तो गावोगाव फिरून आला होता, आणि दरवेळी माझ्याआधी त्यालाच नकार समजायचा. मी वरवर हसत असे. आतून मात्र मला फार लागायचं.

त्यातच मैत्रिणीने वर्तमानपत्रातली एक जाहिरात दाखवली. मुंबईची कुठलीशी कंपनी, साबण, तेल आणि कॅलेंडरं यांसाठी चांगल्या घरातले नवे चेहरे हवेत, फोटो पाठवा, निवड अमरावतीत होणार. मी काकूंच्या घरी जाऊन, "मैत्रिणीला दाखवायचाय," असं सांगून ट्रंकेतला फोटो काढला आणि मागे नाव-पत्ता घालून पाठवून दिला. आठवडाभरात उत्तर आलं: आपला चेहरा पसंत आहे. मी ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आरशापुढे जाऊन तेच नाक एका बाजूने पाहिलं. मला ते चक्क आवडलं.

नेमकं त्याच आठवड्यात वाशीमकडचं एक स्थळ आलं आणि काकूंनी फोटो मागितला.

"कुठी हाय?"

"अमरावतीला."

"कोनाच्या घरी?"

"घरी नाही काकू. कंपनीत." आणि मग सगळं सांगावं लागलं. निवडीला जायचंय, तिथे मोठ्या फोटोंचा संच काढून घ्यायचा, त्याचा खर्च आपणच आधी भरायचा, मग मुंबई. वडील ऐकत होते, ते खुर्चीतच खचले. मला वाटलं, काकू आता आळी डोक्यावर घेणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "मले कंपनी-फिंपनी समजत नाई. फोटो गेला, पसंती आली, आता पोट्टी पाहाले बलावलं. मंग हे स्थळच झालं ना? पाहून येऊ ना."

"काकू, तुम्ही येऊ नका. तिथे असं चालत नाही."

"काहून? ते तुले पाहातीन, अन् त्यायले कोनीच पाहाचं नाई काय?"

गाडीने बडनेऱ्याला उतरलो आणि तिथून टांग्याने अमरावतीला. काकूंच्या हातात एक मोठी पिशवी होती. मला वाटलं, डबा असेल. मी काकूंच्या थोरल्या मुलीची रेशमी साडी नेसले होते, आणि पावडर इतकी लावली होती की टांगा उधळला तर मागे ढग उठला असता.

कंपनी एका लॉजच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती. मी जिन्याकडे वळले तर शेजारी काकू नव्हत्या. त्या सवयीप्रमाणे मागच्या अंगणात गेल्या होत्या. मी एकटीच वर गेले. खोलीत खुर्चीवर एक तरुण बसला होता. कडक इस्त्रीचा सदरा, केसांना इतकं तेल की कपाळावर त्याचा ओघळ आलेला, पायाशी संत्र्यांची टोपली. मला वाटलं, हाच कंपनीचा मालक. आजवर इतक्या वेळा मला पाहायला माणसं येऊन गेली होती की अनोळखी खोलीत, खुर्चीवर पुरुष दिसला की माझं अंग आपोआप वाकायचं. मी पदर सावरला, पुढे गेले आणि त्याच्या पाया पडले.

तो ताडकन उभा राहिला. घाबरला होता बिचारा. पण त्याच्याही घरी वडीलधाऱ्यांचं पाहून पाहून तोंडात बसलेलं असणार. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सौभाग्यवती हो!"

इतक्यात आतल्या दारातून खरा मालक आला. तलम शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा. संत्रीवाला हा शेंदूरजनाघाटचा मधुकर, माझ्यासारखाच उमेदवार होता. केशतेलाच्या जाहिरातीसाठी आलेला, आणि कंपनीला भेट म्हणून घरच्या बागेतली संत्री घेऊन आलेला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. ती भिंत मला अजून आठवते, तिच्यावर एक पाल होती.

"वा! याच साधेपणाची आम्हाला गरज आहे," असं मालक म्हणाला. तो सगळ्यांना असंच म्हणत होता, पण त्या क्षणी मी विरघळले. खर्चाचे पैसे आज भरायचे, फोटोवाला मुंबईहून उद्या सकाळी येणार, आज भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल. मधुकरने आधीच भरले होते. मी वडिलांकडून रडून मागून आणलेले पैसे काढायला बटवा उघडला, तेवढ्यात काकू दारात आल्या.

मालक हुशार. त्याने वाकून काकूंचे पाय धरले. मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "आई, असाच चेहरा आम्ही मसाल्याच्या जाहिरातीसाठी महाराष्ट्रभर शोधतोय."

आणि काकू, ज्यांना अख्खा अकोला घाबरायचा, त्या काकू लाजल्या. पदर सारखा केला. केसांवरून हात फिरवला. "मसाल्याच्या? कोन्त्या मसाल्याच्या?"

"काळ्या मसाल्याच्या, आई. फोटोंचा खर्च भरला की—"

"आज भराचा?"

"आजच. फोटोवाला उद्या सकाळी येणार."

काकूंचा पदरावरचा हात थांबला. "उद्या फोटो काढनार, मंग आज संध्याकाळच्या गाडीसाठी टांगा काहून सांगतला रे बाप्पा तू? खाली भांडे घासनारी म्हने, वरच्या साहेबाचा हिसाब झाला, आज खोली खाली हाय."

मालक हसला. कामासाठी नागपूरला जाऊन सकाळी परत येणार, म्हणाला. काकूंनी लगेच विचारलं, नागपूरला कुणाकडे? कुठल्या मोहल्ल्यात? शेजारी कोण? तुझी आई कुठची, मामा काय करतो? नेहमीचीच यादी होती ती, कुठल्याही नवऱ्या मुलाला घोकून ठेवावी लागणारी. पण याला स्वतःच्या मामाचं गावही पटकन सुचेना. मामाची गोष्ट आठवावी लागते हे पाहून मधुकरचासुद्धा चेहरा उतरला.

"जाऊ दे. स्थळ पसंत नाई," काकू म्हणाल्या. "पोरीचा फोटो वापस दे."

"फोटो मुंबईला गेले."

"येऊ दे वापस. मले काई घाई नाई."

आणि त्यांनी खोलीच्या उंबऱ्यात बैठक मारली. पिशवी उघडली. तिच्यात डबा नव्हता, हरभऱ्याचे ओले डहाळे होते, घाटे लगडलेले. काकू घाटे सोलू लागल्या. मालकाला बाहेर पडायचं तर काकूंना ओलांडावं लागणार होतं, आणि काकू ओलांडण्यासारख्या नव्हत्या. मी शरमेने अर्धी झाले. हळू आवाजात विनवत होते, "काकू, चला ना, लोक बघताहेत."

"पाहू दे ना. आपन दाखवालेच आलो होतो."

दुपारभर उमेदवार येत राहिले. कुणी मुलीला घेऊन आलेले, कुणी बहिणीला. काकू प्रत्येकाला तेच सांगत, "आमी फोटो वापस न्याले बसलो बाप्पा. टांगा संध्याकाळचा हाय त्याचा." ते ऐकून कुणी परत फिरत, कुणी तिथेच थांबत. जिन्यात गर्दी झाली. मधुकरने संत्र्यांची टोपली उघडली आणि सगळ्यांना एकेक संत्रं वाटलं. मालकाने एकदा पोलिसांची धमकी दिली. "बलाव," काकू म्हणाल्या, "त्यायलेही सोले देतो थोडे." संध्याकाळ व्हायला लागली तसा तो घामेजला. शेवटी त्याने पेटी उघडली आणि माझा फोटो काकूंच्या अंगावर फेकला.

काकूंनी तो उचलला, पदराने पुसला. मी उठले. त्या उठल्या नाहीत.

"अन् बाकीचे?"

"बाकीच्यांशी तुमचा काय संबंध?"

"त्यायच्या माया इथी नाईत म्हनून मी हाओ ना."

मी काकूंना आयुष्यभर पाहिलं, पण त्या मला तेव्हा दिसल्या. तोवर मी फक्त माझ्या नाकाच्या, माझ्या फोटोच्या, माझ्या फजितीच्या विचारात होते. त्या पेटीत आणखी कुणी आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला इतकं भरून आलं की मी पुन्हा खाली बसले आणि घाटे सोलायला लागले. पलीकडून मधुकरही येऊन बसला. त्याला ते काम जमत नव्हतं, निम्मे दाणे तो खात होता.

फोटोंचा गठ्ठा मिळाला. पैसे मात्र कुणाला मिळाले नाहीत. जिन्यातल्या गर्दीतून मालक पेटी डोक्यावर धरून कसा निसटला, हे कुणाला कळलं नाही. परतीच्या गाडीत काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "काय वं विमल, मसाल्याचं तो खरंच म्हनत होता काय?"

पुढचे कित्येक महिने काकू फोटो वाटत फिरल्या. फोटोंच्या मागे पत्ते होते. पोस्टाने पाठवा म्हटलं तर त्यांना पटेना, पोस्टमन कुणाच्या हातात देईल याचा नेम काय? त्या स्वतः जात, मागच्या दाराने शिरत, पाणी मागत आणि फोटो आईच्याच हातात देत. कुणाच्या घरात मुलीने माझ्यासारखंच चोरून पाठवलेलं असे. तिथे काकू पुरुषमाणसांना एवढंच सांगत, "स्थळ पसंत पडलं नाई, फोटो वापस आनला." मुलीकडे वळून पाहतही नसत. काकू माझ्यावर का रागावल्या नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

एक फोटो शेंदूरजनाघाटला द्यायचा होता, तेलकट केसांचा. तो द्यायला गेल्या आणि चार दिवस तिथेच राहिल्या. परत येऊन वडिलांना म्हणाल्या, "घर पाहून आलो. पोट्टा मूर्ख हाय, पण खोटा नाई. मामाचं नाव पटकन सांगतलं त्यानं. अन् मांजर चांगली जाडी हाय." मांजर जाडी निघाली म्हणून माझं लग्न झालं, असं आमचे हे आजही पाहुण्यांना सांगतात. त्यांच्या ज्या केसांनी तेलाची जाहिरात गाजणार होती, ते पाच-सात वर्षांत गेले. दिलेला आशीर्वाद मात्र त्यांनी स्वतःच निभावला.

एक फोटो राहिला. त्याच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, कपाळावर गोंदण, अंगावर कुणाचीतरी मोठी साडी आणि मनगटावर उसनं दिसणारं, सैल घड्याळ. चेहरा हसरा, पण डोळे फोटोवाल्याकडे नाही, बाजूला कुणाकडे तरी. काकूंनी तो देवाजवळ ठेवला होता. कुठेही गेल्या की सोबत नेत, दाखवत, विचारत. "बाकीच्यायचे फोटो घरी गेले," त्या मला म्हणाल्या होत्या, "इचा फोटो इथी हाय. पोट्टी कुठी हाय, ते समजून नाई राह्यलं." त्या वेळी त्यांचा आवाज पहिल्यांदाच आमच्या मांजराला न उठवण्याइतका खाली गेला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अमरावतीच्या बसस्टँडवर, एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं तेव्हा. मी माहेराहून सासरी जायला वरूडच्या गाडीसाठी उभी होते, कडेवर धाकटी. पलीकडे धारणीच्या बसपाशी काकू दिसल्या. पाठीत वाकल्या होत्या. पानठेल्याच्या आरशात पाहून पदर सारखा करत होत्या. रामरावकाका त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मी धावत गेले.

"परतवाड्याच्या बाजारात एका बाईनं सांगतलं," त्या म्हणाल्या, "अशी पोट्टी धारणीकडे पाह्यल्यासारखी वाटते म्हने. पाहून येतो."

धारणीचा जंगलातला घाटरस्ता, ती बस, त्यांचं वय. मला राहवलं नाही. "काकू, इतकी वर्षं झाली. ती आता केवढी झाली असेल. तुम्हाला ओळखू तरी येईल का?"

"मले कशी येईन?" त्या पायरीवर पाय ठेवत म्हणाल्या. "तिच्या मायले येईन ना."

कंडक्टरने घंटी दिली. काकूंना खिडकीजवळची जागा मिळाली होती, पण त्यांनी बाहेर माझ्याकडे पाहिलं नाही. बस सुटायच्या आतच त्यांनी पिशवीतून फोटो काढला होता आणि शेजारच्या बाईपुढे धरला होता.